व्याकरण : कशासाठी आणि कोणासाठी?

डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या नेतृत्वाखालील बहिष्कृत हितकारिणी सभेने ४ जानेवारी १९२५ रोजी सोलापुरात अस्पृश्य समाजातील विद्यार्थ्यांसाठी वसतिगृह सुरू केले. या वसतिगृहाचा उल्लेख आपण नेहमी करतो. मात्र तेथील विद्यार्थी ‘सरस्वती विलास’ नावाचे एक मासिक चालवीत असत, ही गोष्ट फारशी सांगितली जात नाही. ज्यांच्या आज्या-आजोबांना अक्षराची ओळख होऊ दिली गेली नव्हती, त्या मुलांनी राहण्या-जेवणाची आणि वह्या-पुस्तकांची सोय होताच स्वतःचे मासिक चालविले. लिहिणे ही सवड मिळाल्यावर करावयाची गोष्ट आहे, असे त्यांना वाटले नाही. लिहिणे हा त्यांच्या शिक्षणाचाच भाग होता.

आपली निवासी शाळा त्याच वाटेवर उभी आहे आणि ही स्मरणिकाही त्याच वाटेवरची आहे. असे असताना लेख मागितला की आपल्या समाजात दोन उत्तरे हमखास ऐकू येतात. पहिले उत्तर असे : “आठवणी पुष्कळ आहेत हो, पण माझे शुद्धलेखन चांगले नाही. लोक हसतील.” दुसरे उत्तर नेमके उलटे : “अर्थ कळला म्हणजे झाले. ऱ्हस्व-दीर्घाचे चोचले आपल्याला कशाला हवेत?” पहिल्या उत्तराने माणूस गप्प बसतो. दुसऱ्या उत्तराने त्याचे लेखन, त्याचा अर्ज, कधी कधी त्याचा हक्कही अडतो. दोन्हींत नुकसान आपलेच आहे. म्हणून दैनंदिन लेखनात व्याकरणाचे ज्ञान नेमके कोठे उपयोगी पडते आणि कोठे जाचक होते, याचा विचार येथे करावयाचा आहे.

व्याकरण आणि लेखननियम

या विषयावरील बराचसा गोंधळ दोन वेगळ्या गोष्टींना एकच नाव दिल्यामुळे होतो. व्याकरण म्हणजे भाषेची अंगभूत रचना. ‘मुलगा गेला’ आणि ‘मुलगी गेली’ हा फरक शाळेची पायरी न चढलेली आजीही अचूक करते. ‘मुलगा गेली’ असे ती कधीही म्हणत नाही. याचा अर्थ तिला व्याकरण येते. फक्त त्या नियमांची नावे तिला ठाऊक नसतात. लेखननियम ही वेगळी बाब आहे. उच्चारलेला शब्द कागदावर कसा उतरवावा, याविषयी समाजाने केलेला तो करार आहे. ‘पाणी’ या शब्दातील ‘णी’ दीर्घ लिहावयाची, हे कोणीही आईच्या पोटातून शिकून येत नाही. ते शिकवावे लागते आणि कोणालाही शिकता येते.

आपल्या मुलांच्या घरची बोलीदेखील व्याकरणाशिवाय नसते. पाचवीत नव्याने दाखल झालेला मुलगा ‘म्या केलं’ असे लिहितो, तेव्हा आपण त्यावर लाल रेघ ओढतो. परंतु ‘म्यां’ हे रूप जुन्या मराठी ग्रंथांत सर्रास आढळते आणि एकोणिसाव्या शतकातील छापील पुस्तकांतही ते प्रतिष्ठेने वावरत होते. पुढे प्रमाण मराठीने ते टाकून दिले, खेड्यापाड्यांतील बोलीने मात्र ते जपले. म्हणजे त्या मुलाने नियम मोडला नव्हता, त्याच्या घराने जुना नियम सांभाळला होता. ‘आज आपण लेखनात मी केले असे लिहितो’ हे त्याला अवश्य शिकवावे. त्यासाठी त्याची आई अडाणी बोलते, असे त्याच्या मनावर बिंबविण्याचे काहीच कारण नाही.

सोलापुरात तर हे अधिक सहज कळावे. मराठी, कन्नड, तेलुगू आणि दखनी उर्दू या भाषा येथे एकाच गल्लीत नांदतात. ज्वारीची तीच भाकरी शेजारच्या कानडी घरात ‘रोट्टी’ होते. म्हणून तिची चव बदलत नाही आणि तिला कोणी अशुद्ध भाकरी म्हणत नाही.

नियम कोणी आणि केव्हा केले?

इतिहासाच्या विद्यार्थ्याने प्रत्येक नियमाला त्याची जन्मतारीख विचारावी. मराठीचे एक आरंभीचे छापील व्याकरण मराठी माणसाने लिहिलेले नव्हते. ते विल्यम कॅरी या मिशनऱ्याने १८०५ साली श्रीरामपूर येथे प्रसिद्ध केले. मोल्सवर्थ यांचा मराठी-इंग्रजी कोश १८३१ साली आला आणि दादोबा पांडुरंग तर्खडकरांचे ‘महाराष्ट्र भाषेचे व्याकरण’ १८३६ साली. कोश-व्याकरणाच्या या कामात सरकारी पदरी असलेल्या शास्त्रीपंडितांचा वाटा मोठा होता आणि पुण्याच्या शिष्टवर्गाची बोली हळूहळू प्रमाण ठरली. स्वल्पविराम, प्रश्नचिन्ह इत्यादी जी चिन्हे आज मराठीची स्वतःची वाटतात, ती इंग्रजीवरून आली. ती रूढ करण्यात मेजर थॉमस कँडी या इंग्रज अधिकाऱ्याचा मोठा हात होता. कोणतीही प्रमाण भाषा अशीच घडते. सत्ता, छापखाना आणि शाळा ज्यांच्या हाती असतात, त्यांची बोली पाठ्यपुस्तकात जाते.

आज आपण जे नियम पाळतो ते तर फारच अलीकडचे आहेत. मराठी साहित्य महामंडळाची स्थापना १९६१ साली झाली. महामंडळाने १९६२ मध्ये १४ नियम तयार केले, १९७२ मध्ये त्यांत आणखी ४ नियमांची भर पडली, आणि राज्य शासनाने मान्यता दिलेले हे १८ नियम शाळा, शासन व प्रकाशनव्यवहारात रूढ झाले. त्यांपूर्वी ‘नांव’, ‘पुस्तकें’, ‘मी करितों’ असे अनुच्चारित अनुस्वार देऊन लिहिणे शुद्ध समजले जाई. ३१ जानेवारी १९२० रोजी ‘मूकनायक’चा पहिला अंक निघाला, त्या काळी हे अनुस्वार न देणारा अशुद्ध ठरे. आज ते देणारा अशुद्ध ठरतो. त्याचप्रमाणे ‘कवि’, ‘बुद्धि’, ‘शांति’ ही ऱ्हस्वान्त रूपे तेव्हाच्या शिक्षकांनी शिकविली. आजचा शिक्षक त्याच जागी ‘कवी’, ‘बुद्धी’, ‘शांती’ असे दुरुस्त करून देतो.

यातून दोन गोष्टी ध्यानात याव्यात. पहिली, शुद्ध आणि अशुद्ध हे काळानुसार ठरणारे संकेत आहेत. कोणाच्या रक्ताशी वा बुद्धीशी त्यांचा संबंध नाही. दुसरी, हा करार बदलता येतो, पण एकट्याने बदलता येत नाही. रस्त्याने डावीकडून चालावे हाही एक संकेतच आहे. तो ईश्वरी नाही म्हणून एकट्या माणसाने उजवीकडून गाडी हाकावी, असे होत नाही.

एका ठिपक्याचे मोल

आता नियमांच्या उपयोगाकडे वळू. मराठीत अनुस्वाराचा एक ठिपका एकवचनाचे अनेकवचन करतो. ‘मुलाच्या नावे’ आणि ‘मुलांच्या नावे’ या दोन शब्दप्रयोगांत घर कोणाला मिळणार, हे ठरते. संस्थेच्या ठरावात ‘सभासदाच्या संमतीने’ लिहिले, तर एका सभासदाची संमती पुरे असा वाद घालता येतो. ‘सभासदांच्या संमतीने’ लिहिले, तर तो वाद उरत नाही. हाच ठिपका आदरही दाखवितो. ‘शिक्षकाने सांगितले’ आणि ‘शिक्षकांनी सांगितले’ यांतील दुसरे वाक्य एकाच शिक्षकाविषयी असले, तरी त्यात मान आहे. ज्या समाजाला पिढ्यान् पिढ्या एकेरीत हाक मारली गेली, त्याला या ठिपक्याची किंमत वेगळी सांगावी लागू नये.

ऱ्हस्व-दीर्घाचेही तसेच आहे. ‘सूत’ म्हणजे धागा आणि ‘सुत’ म्हणजे पुत्र. गिरण्यांच्या आणि यंत्रमागांच्या या शहरात तरी हा फरक कळायला हवा. ‘दिन’ म्हणजे दिवस आणि ‘दीन’ म्हणजे गरीब, लाचार. दरवर्षी १४ ऑक्टोबरला आणि ६ डिसेंबरला ठिकठिकाणी जे फलक लागतात, त्यांतील काहींवर ‘धम्मचक्र प्रवर्तन दीन’, ‘महापरिनिर्वाण दीन’ असे छापलेले दिसते. ज्या दिवशी लाखो लोकांनी आपले दैन्य झुगारून दिले, त्याच दिवसाच्या नावात आपणच ‘दीन’ लिहावे, हे बरे नव्हे. फलक रंगविणाऱ्याला दोष देऊन भागत नाही. मजकूर लिहून देणाऱ्याने तो एकदा वाचून पाहिला असता, तर ही वेळ आली नसती.

पालि व्याकरणाच्या परंपरेत या संदर्भात एक मार्मिक कथा सांगतात. एका भिक्खूला ‘उदयब्बय’ या शब्दावर, म्हणजे सर्व वस्तूंच्या उत्पत्तीवर आणि विनाशावर, चिंतन करण्यास सांगितले होते. तो तळ्याकाठी बसला. समोर पाण्यात बगळा दिसला आणि त्याच्या तोंडी ‘उदकबक’, म्हणजे पाण्यातील बगळा, असा शब्द बसला. अनित्यतेचे चिंतन बाजूला राहिले आणि तो बगळ्याचे ध्यान करू लागला. कच्चायनाच्या पालि व्याकरणाचे पहिलेच सूत्र अर्थ अक्षरांमुळे जाणला जातो या आशयाचे आहे, आणि ही कथा त्या सूत्राच्या संदर्भात सांगितली जाते. अक्षर ढळले की अर्थ ढळतो, आणि अर्थ ढळला की साधनाही ढळते.

आपल्या दैनंदिन जीवनात ही साधना म्हणजे कागदपत्रे. शाळेच्या जनरल रजिस्टरमध्ये एक नाव, आधार कार्डावर दुसरे, गुणपत्रिकेवर तिसरे, असा प्रकार घरोघरी आहे. ‘कांबळे’ हे आडनाव रोमन लिपीत कोणी ‘ब्ले’ असे जोडून लिहितो, कोणी ‘बळे’ असे सोडवून लिहितो, आणि पुढे एकाच माणसाची दोन माणसे होतात. मग प्रतिज्ञापत्र करा, राजपत्रात नावबदल छापून आणा, कार्यालयाच्या पायऱ्या झिजवा. जातीच्या दाखल्यासाठी १० ऑगस्ट १९५० पूर्वीच्या वास्तव्याचा पुरावा मागितला जातो. त्यासाठी आजोबा-पणजोबांच्या शाळेतील नोंद शोधावी लागते आणि तेथे कोणा गुरुजींनी घाईत लिहिलेले एक अक्षर नातवाच्या प्रवेशाच्या आड येऊ शकते. धम्मदीक्षा घेतलेल्या अनुसूचित जातींना केंद्र शासनाच्या सवलती मिळण्यासाठी १९९० साली कायद्यात दुरुस्ती व्हावी लागली. एवढ्या लढ्याने मिळालेला हक्क वेलांटीच्या चुकीने अडकू नये. म्हणून पालकांना विनंती आहे की, पाल्याच्या पहिल्या दाखल्यावरील प्रत्येक अक्षर स्वतः तपासावे आणि स्वतःला वाचता येत नसेल तर दुसऱ्याकडून वाचून घ्यावे.

वाक्यात कर्ता कोठे आहे?

व्याकरणाचा याहून मोठा उपयोग वाक्यरचनेत आहे. कर्ता, कर्म, क्रियापद आणि कर्तरी, कर्मणी, भावे हे प्रयोग आपण नववी-दहावीत गुणांसाठी पाठ करतो आणि परीक्षेनंतर विसरतो. वस्तुतः अन्यायाची बातमी वाचताना याच ज्ञानाची खरी गरज असते.

एक उदाहरण घेऊ. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेब आणि परिषदेचे प्रतिनिधी महाडच्या चवदार तळ्याचे पाणी प्याले. त्यानंतर जे घडले ते तीन प्रकारे लिहिता येईल. ‘महाडमध्ये दंगल झाली.’ ‘परिषदेच्या प्रतिनिधींना मारहाण झाली.’ ‘सनातनी जमावाने परिषदेच्या प्रतिनिधींना मारहाण केली.’ तिन्ही वाक्ये व्याकरणाच्या दृष्टीने निर्दोष आहेत. पण पहिल्या वाक्यात मार खाणारा नाही आणि मारणाराही नाही. दंगल जणू वळवाच्या पावसासारखी आपोआप आली. दुसऱ्यात मार खाणारा आहे, मारणारा नाही. तिसऱ्या वाक्यातच घटना पूर्ण उभी राहते. व्याकरणशुद्ध वाक्य सत्य असतेच असे नाही. मात्र व्याकरण जाणणाऱ्याला त्यातून कोणाला वगळले आहे, हे चटकन दिसते.

हीच गोष्ट आपल्या अर्जांना लागू आहे. ‘वस्तीत पाणी येत नाही, तरी योग्य ती कारवाई व्हावी’ असा अर्ज कोणालाच बांधून ठेवत नाही. कोणत्या तारखेपासून, कोणत्या नळजोडाला, कोणत्या कार्यालयाने पाणी सोडलेले नाही आणि कोणी, किती दिवसांत, काय करावे, हे कर्ता-कर्मासह लिहिलेला अर्ज टाळणे अवघड जाते. ‘दुरुस्ती करण्यात येईल’ असे उत्तर आले, तर ‘कोण करणार?’ हा प्रश्न विचारता आला पाहिजे. हा प्रश्न मुळात व्याकरणाचा आहे, आणि तोच नागरिकत्वाचाही आहे.

नियमांचा जाच

आता दुसरी बाजू. महात्मा जोतीराव फुले यांचे ‘गुलामगिरी’ हे पुस्तक १८७३ साली प्रसिद्ध झाले. त्यानंतर विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी ‘निबंधमाले’त फुल्यांच्या लेखनाची हेटाळणी केली आणि त्यांच्या भाषेतील व व्याकरणातील दोषांवर बोट ठेवले. फुल्यांनी मांडलेले प्रश्न शेतकऱ्याच्या लुबाडणुकीचे, शूद्रातिशूद्रांच्या शिक्षणाचे आणि धर्माच्या नावाने चाललेल्या गुलामीचे होते. त्या प्रश्नांना उत्तर देण्यापेक्षा लेखकाचे व्याकरण काढणे सोपे होते. व्याकरणाच्या गैरवापराचे हे मराठीतील ठळक उदाहरण होय. ‘तुझे म्हणणे चूक आहे’ हे सिद्ध करता येत नसेल, तेव्हा ‘तुला नीट लिहिता येत नाही’ असे म्हणून सुटका करून घेता येते. फुले त्यामुळे गप्प बसले नाहीत. १८८५ साली ग्रंथकार सभेचे निमंत्रण त्यांनी पत्र लिहून नाकारले आणि ज्यांच्या ग्रंथांत शूद्रातिशूद्रांच्या हक्कांना जागा नाही त्यांच्याशी आपला मेळ बसणार नाही, असा रोखठोक पवित्रा घेतला. आज निबंधमालेची शैली अभ्यासक वाखाणतात आणि फुल्यांचे विचार समाज जगतो.

‘शुद्धलेखन’ हा शब्दही तपासून पाहावा. शुद्ध-अशुद्ध, सोवळे-ओवळे या कल्पनांनी ज्यांना शतकानुशतके पाणवठ्यापासून दूर ठेवले, त्यांच्या मुलांच्या वहीवर ‘अशुद्ध’ असा शेरा पडतो, तेव्हा त्या शब्दाला जुना वास येतो. म्हणून अनेक अभ्यासक आता ‘प्रमाणलेखन’ हा शब्द वापरतात आणि तो अधिक योग्य आहे. ‘हे लेखन प्रमाण नियमांप्रमाणे नाही’ असे म्हटल्याने चूक तेवढीच दाखविली जाते, माणूस बाटत नाही. आपल्या शाळांनी हा शब्द जाणीवपूर्वक रुळवावा.

भगवान बुद्धांच्या काळीही हा वाद झाला होता. विनयपिटकातील चुल्लवग्गात त्याची नोंद आहे. ब्राह्मण कुळात जन्मलेले, उच्चारात निपुण असे दोन भिक्खू बुद्धांकडे आले. नाना गोत्रांचे, नाना जातींचे, नाना कुळांचे लोक संघात आले आहेत आणि ते आपापल्या बोलीत बोलून बुद्धवचन बिघडवीत आहेत, अशी त्यांची तक्रार होती. बुद्धवचन छंदस् भाषेत बांधून टाकावे, अशी परवानगी त्यांनी मागितली. बुद्धांनी त्यांना फटकारले, ती परवानगी नाकारली आणि प्रत्येकाने आपापल्या भाषेत बुद्धवचन शिकावे अशी मोकळीक दिली. अडीच हजार वर्षांपूर्वीची ती तक्रार आजही तशीच ऐकू येते. सगळे लिहू लागले आणि भाषा बिघडली, असे आजही म्हटले जाते. त्या तक्रारीला बुद्धांनी दिलेले उत्तर आपण विसरू नये.

भीतीचा परिणाम आकड्यांत मोजता येत नाही, पण तो घरोघरी आहे. गिरणीच्या भोंग्यावर आयुष्य काढलेले आजोबा, विड्या वळून मुलींना शिकविणारी आई, नामांतराच्या आंदोलनात तुरुंगात गेलेला काका, यांच्यापाशी जे आहे ते कोणत्याही ग्रंथालयात नाही. ते लिहीत नाहीत, कारण वेलांटी चुकेल. ते गेले की त्यांच्यासोबत एक अख्खा दप्तरखाना जातो. इतिहासाच्या शिक्षकाला चुकीच्या वेलांटीपेक्षा कोऱ्या कागदाचे भय अधिक वाटले पाहिजे. फुले दांपत्याच्या शाळेत शिकलेल्या मुक्ता साळवे हिने मांग-महारांच्या दुःखाविषयी लिहिलेला निबंध १८५५ साली ‘ज्ञानोदय’मध्ये प्रसिद्ध झाला. आधी व्याकरणात पारंगत होऊ आणि मगच लिहू, असे त्या कोवळ्या मुलीने ठरविले असते, तर एका शतकाचा साक्षीदार आपण गमावला असता.

निवडीचा अधिकार

मग नियम शिकावेत की झुगारावेत? याचे उत्तर आपल्याच जिल्ह्यातील एका शिक्षिकेने दिले आहे. शांताबाई कांबळे या सांगोला तालुक्यातील माहूदच्या. दलित समाजातील शिक्षिका म्हणून त्यांनी सोलापूर जिल्ह्यात नोकरीला सुरुवात केली. त्यांचे आत्मकथन १९८६ साली पुस्तकरूपाने आले. त्याचे नाव आहे ‘माज्या जल्माची चित्तरकथा’. प्रमाण नियमांनी पाहिले तर या तीन शब्दांत तीन चुका आहेत. परंतु मुलांच्या वह्यांत ‘माझ्या’ आणि ‘जन्म’ हे शब्द तपासण्यात ज्यांचे आयुष्य गेले, त्यांना ते लिहिता येत नव्हते, असे कोण म्हणेल? प्रमाण भाषा त्यांना येत होती, म्हणूनच हे शीर्षक त्यांची निवड ठरते. त्या जन्माची कथा त्या जन्माच्या भाषेतच सांगितली पाहिजे, हे त्यांनी ओळखले होते.

अक्कलकोट तालुक्यातील हन्नूरचे शरणकुमार लिंबाळे यांचे ‘अक्करमाशी’ १९८४ साली आले. बोलीतील ज्या शब्दाने समाजाने हिणवले, तोच त्यांनी पुस्तकाच्या माथ्यावर लिहिला. ज्यांचे शालेय शिक्षण जवळजवळ झालेच नाही, त्या अण्णा भाऊ साठे यांनी १९५९ साली ‘फकिरा’ ही कादंबरी दिली आणि ती बाबासाहेबांच्या लेखणीला अर्पण केली. या सर्वांनी मराठीचे नुकसान केले नाही. तिच्या कोशात नसलेले जग त्यांनी तिला दिले.

मात्र येथे एक सावधगिरी हवी. बोलीत लिहिण्याचा अभिमान आणि प्रमाण भाषा न शिकण्याचा आळस या एक गोष्टी नव्हेत. बाबासाहेबांचे उदाहरण पाहावे. शाळेत त्यांना संस्कृत शिकू दिले गेले नाही, म्हणून फारसी घ्यावी लागली. पुढे त्यांनी स्वतःच्या कष्टाने संस्कृत शिकून घेतले. पालि भाषेचे व्याकरण आणि शब्दकोश यांचे त्यांनी केलेले काम त्यांच्या समग्र लेखनाच्या सोळाव्या खंडात प्रसिद्ध झाले आहे. नाकारलेली भाषा त्यांनी तुच्छ मानली नाही, ती हस्तगत केली. ज्यांच्या घरात पुस्तके असतात त्यांच्या मुलांना प्रमाण भाषा आपोआप मिळते. आपल्या मुलांना ती शाळेनेच द्यावी लागते. ‘यांना कशाला व्याकरण?’ असे म्हणणारा शिक्षक दयाळू वाटला, तरी तो एक दार बंदच ठेवतो.

आपण काय करावे?

मज्झिमनिकायातील अरणविभंगसुत्तात या वादाचा मध्यम मार्ग सांगितला आहे. एकाच भांड्याला वेगवेगळ्या जनपदांत पाति, पत्त, सराव अशी निरनिराळी नावे आहेत. आपल्याकडील शब्द तेवढा खरा आणि बाकीचे खोटे, असा हट्ट धरू नये. त्याचबरोबर लोकांत रूढ झालेला संकेत विनाकारण ओलांडूही नये. हट्ट सोडणे आणि संकेत राखणे, या दोन्ही गोष्टी तेथे एकत्र सांगितल्या आहेत. दैनंदिन लेखनासाठी यापेक्षा चांगला नियम मला ठाऊक नाही.

व्यवहारात त्याचा अर्थ असा. पहिल्या खर्ड्यात नियमांचा विचारही करू नये. जे सांगावयाचे ते आपल्या शब्दांत उतरवावे. नंतर एकदा केवळ अर्थासाठी वाचावे आणि कोणी, काय, केव्हा केले हे स्पष्ट आहे का, ते पाहावे. शेवटी लेखननियमांसाठी वाचावे आणि शंका आली तर विचारावे. विचारण्यात कमीपणा नाही. अर्ज, ठराव, दाखले, फलक आणि निमंत्रणपत्रिका येथे प्रमाण नियम काटेकोर पाळावेत. घरचे पत्र, आठवण, आईच्या तोंडचे बोलणे येथे बोली जशीच्या तशी ठेवावी. संवादात ‘असं केलं’, ‘त्यानं म्हटलं’ अशी रूपे लिहिण्याची मुभा महामंडळाच्या नियमांतही आहे.

नेहमीच्या चुका टाळण्यासाठी सर्व १८ नियम पाठ असण्याची गरज नाही. तीन गोष्टी ध्यानात ठेवल्या तरी पुष्कळ काम होते. एक, शब्दाच्या शेवटी येणारे इकार-उकार मराठीत दीर्घ लिहावेत. ‘आणि’, ‘नि’, ‘परंतु’, ‘तथापि’ यांसारखी मोजकी अव्यये तेवढी अपवाद आहेत. मात्र सामासिक शब्दाच्या पूर्वपदात मूळचा ऱ्हस्व स्वर कायम राहतो. म्हणून ‘भिक्खू’ पण ‘भिक्खुसंघ’, ‘बोधी’ पण ‘बोधिवृक्ष’. दोन, ‘गरीब’, ‘फूल’, ‘सूत’ अशा मराठी शब्दांतील दीर्घ स्वर प्रत्यय लागताच ऱ्हस्व होतो : गरिबाला, फुलाला, सुताला. तीन, अनेकवचनी किंवा आदरार्थी नामाला प्रत्यय लागताना अनुस्वार द्यावा : मुलांना, बाबासाहेबांनी.

जे इतरांचे लेखन वाचतात, त्यांच्यासाठी एकच पथ्य आहे. आधी काय लिहिले आहे त्याला दाद द्यावी आणि मग कसे लिहिले आहे ते सांगावे, तेही चारचौघांत नव्हे. माजी विद्यार्थ्यांच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर कोणी आईच्या निधनाची वार्ता लिहितो आणि कोणी त्यातील वेलांटी सुधारतो, तेव्हा व्याकरण जिंकत नाही, माणुसकी हरते.

३ ऑक्टोबर २०२४ रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने मराठी आणि पालि या दोन्ही भाषांना एकाच दिवशी अभिजात भाषेचा दर्जा दिला. एक आपली मायबोली आणि दुसरी आपल्या धम्माची भाषा. या दर्जाचा मान कार्यक्रमांनी व भाषणांनी राखला जाणार नाही. तो राखण्याचा मार्ग १९२५ च्या वसतिगृहातील मुलांनी दाखविला आहे. त्यांनी लेखणी उचलली आणि मासिक काढले. या स्मरणिकेचा पुढील अंक निघेल तेव्हा जुळे सोलापुरातील, तसेच गावोगावी विखुरलेल्या आपल्या प्रत्येक घरातून निदान एक पान यावे. ते आजोबांनी सांगितलेले आणि नातीने लिहून घेतलेले असले तरी चालेल. वेलांट्या तपासण्यासाठी आम्ही शिक्षक आहोतच. आम्हाला तपासण्यासाठी काहीतरी मिळाले मात्र पाहिजे.

जय भीम! नमो बुद्धाय!